मुक्काम राजापेठ

कॉलेजच्या ऑफिसात उत्तमरावांच्या टेबलाच्या डाव्या खणात एक लांबट वही असायची. वहीवर नाव नव्हतं, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तिला मुक्कामाची वही म्हणत. उत्तमराव म्हणजे हेडक्लार्क. तेवीस वर्षं एकाच खुर्चीत बसून त्यांनी ती भरत आणली होती. कोणाचं कोण कुठल्या गावात राहतं, एवढंच तीत. खेळाच्या इंगळे सरांची सासुरवाडी नागपूरला. प्राचार्यांची मुलगी पुण्याला. आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतली परिचर दामिनी उमाळे, तिच्या नावापुढे: सख्खी बहीण, राजापेठ, अमरावती, वर दोन खोल्या, नळ चोवीस तास.

नळाचं उत्तमरावांनी मुद्दाम विचारून लिहिलं होतं.

वहीचं कारण साधं. कॉलेज बाळापूरपासून सात किलोमीटरवर, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरांच्या मधोमध. शिक्षकांचं किंवा कर्मचाऱ्यांचं कुठलंही प्रशिक्षण निघालं की ते मोठ्या गावात निघायचं. कॉलेज एसटीचं तिकीट द्यायचं, राहायची सोय करायचं नाही. त्यामुळे कोणाला काय शिकायचं आहे हा प्रश्न कधी उठलाच नाही. कोणाला कुठे अंग टाकायला जागा आहे, एवढाच उठला. पत्र आलं की उत्तमराव आधी गाव वाचत, मग वही उघडत, आणि विषय सगळ्यात शेवटी बघत.

सगळ्यात जास्त पत्रं अमरावतीची. म्हणून अकरा वर्षांत दामिनी चौदा वेळा अमरावतीला जाऊन आली. ग्रंथालयाचं संगणकीकरण, प्रथमोपचार, आग विझवणं, पाण्याची तपासणी, ऑनलाइन कार्यालयीन कामकाज. एकदा तर खेळाडूंचा आहार.

जायची ती, पण नाव जायचं दुसऱ्याचं. ग्रंथालयाचं प्रशिक्षण ग्रंथपालांच्या नावानेच निघणार, त्याला उत्तमराव तरी काय करणार. यादीत नुसती आद्याक्षरं असायची. 'ए. आर. ढोरे' असं पुकारलं की ग्रंथपाल आशा मॅडमच्या जागी दामिनी हात वर करायची. प्रथमोपचाराला ती एस. डी. इंगळे होती. कार्यालयीन कामकाजाला यू. एन. गव्हाळे, म्हणजे खुद्द उत्तमराव. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र घ्यायचं, सुरकुती पडू न देता बाळापूरला आणायचं आणि ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. पुढे ते नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाईलमधे जाई, नाहीतर कोणाच्या बढतीच्या अर्जाला लागे.

"दामिनीबाई, मले प्रथमोपचार शिकवून आणला तुमी," असं म्हणून इंगळे सरांनी तिला पेढा दिला होता. आणि मग व्हॉलीबॉलच्या नेटच्या खांबाला आपटून एका पोराचं कपाळ फुटलं, तेव्हा सरांनी शिपायाला धावत कुठे पाठवलं, तर वनस्पतिशास्त्राच्या दारात.

तिला राग यायचा का? नाही. चांगलंच वाटायचं. पाच दिवस भाकरी थापायच्या नाहीत, पहाटे झेंडू तोडायचा नाही. रागिणीच्या हातचं आयतं जेवायचं, आणि संध्याकाळी दोघी बहिणींनी राजापेठेतल्या दुकानांतल्या साड्यांना नावं ठेवत फिरायचं. शिवाय वर्गात बसायला मिळायचं. बारावी सायन्सला दामिनीला फर्स्ट क्लास होता, निकालानंतर सव्वा महिन्यात लग्न. बाकावर बसून फळ्याकडे बघायची हौस तशीच राहून गेलेली. ती तिने चौदा नावांनी फेडून घेतली.

मग डोमाजी निवृत्त झाले. डोमाजी प्रयोगशाळा सहायक होते, म्हणजे दामिनीच्या वरची पायरी. ती जागा कॉलेजातल्या परिचरांमधूनच भरायची होती. नियमाचा कागद ऑफिसबाहेरच्या फलकावर लागला, आणि दामिनीने तो हात मागे बांधून पूर्ण वाचला. दहा वर्षं नोकरी किंवा विज्ञानाची पदवी. तिची नोकरी सतरा वर्षांची. बारावी विज्ञान. तेही होतं. आणि प्रयोगशाळा कौशल्याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण, परीक्षा देऊन, अर्जदाराच्या नावाचं.

तिच्या नावाचं एकही नव्हतं. पण ती घाबरली नाही. प्रशिक्षण निघणार अमरावतीत, आणि अमरावती म्हटलं की आपणच, यात काही शंका घ्यायचं कारण नव्हतं.

सप्टेंबरच्या एका दुपारी उत्तमरावांनी तिला हाक मारली.

"या दामिनीबाई. आली तुमची अमरावती."

"कशाचं हाये?"

"प्रयोगशाळा कौशल्य. सोमवार ते शुक्रवार."

दामिनीने ओले हात पदराला पुसले आणि पत्र घेतलं. एका कॉलेजातून एकच जण. नामनिर्देशित कर्मचारी: एस. बी. भटकर.

तिने पुन्हा वाचलं. भटकर म्हणजे शेखर, भौतिकशास्त्रातला परिचर. तीन वर्षांपूर्वी लागलेला, बी.एस्सी. झालेला, संस्थेच्या अध्यक्षांच्या गावचा. पोरगा वाईट नव्हता.

"हे तं शेखरचं नाव हाये, बाबू."

"हो ना. प्राचार्य साहेबांनी सांगतलं. डोमाजीची जागा भरायची हाये, त्याले प्रमाणपत्र लागते."

"मग त्याले जाऊ द्या ना."

"तो कसा जाईन? बुधवारी साक्षगंध हाये त्याचं, लगन ठरलं. साहेबही चालले तथी. आन् अमरावतीत त्याचं हाये कोण?" उत्तमरावांनी साक्षीला म्हणून वही उघडून दाखवली. शेखरच्या नावापुढची ओळ कोरी होती. "कोणीच नाई. तुमची बहीण हाये."

दामिनीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे कपट असतं तर तिला सोपं गेलं असतं. उत्तमराव निरागसपणे तिच्याकडे बघत होते, जसं कोणी आपल्याच घरच्या बैलाला दुसऱ्याच्या गाडीला जुंपताना बघेल.

"म्हणजे शिकायचं मी, परीक्षा मी द्यायची, आन् डोमाजीच्या खुर्चीत शेखर बसन."

उत्तमरावांचा पेन थांबला. "आता तुमी असं म्हणता तेव्हा... तसं दिसते खरं."

"त्या जागेले मीही अर्ज करून राहिली, बाबू."

"तुमी?" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "कधी बोलल्या नाई."

"तुमी विचारलं नाई. नळाचं तेवढं विचारलं."

उत्तमरावांनी वही मिटली, परत उघडली. "पण बाई, आता लिंक बंद झाली. नाव गेलं वर. आन् साहेबांनी एकदा सांगतल्यावर मी काय..."

दामिनीने पत्राची घडी घातली आणि ब्लाउजमधे खोचली. "जाईन मी," ती म्हणाली.

उत्तमरावांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना वाटलं, मिटलं. आपण काय करायचं ते दामिनीचं टेबलापासून दारापर्यंतच्या चार पावलांतच ठरून गेलं होतं.

घरी किशोर झेंडूच्या ओळीत वाकून तण काढत होता. तिने बांधावर बसून सगळं सांगितलं.

"मग नको जाऊ," तो मान वर न करता म्हणाला. "साक्षगंध त्याचं, प्रमाणपत्र त्याचं, त्याचं तोच पाहीन."

"न जाऊन कसं चालन? जागा एकच हाये. ती तथीच हाये."

"आन् त्याईनं बाहेर काढलं तं?"

"तं परत येईन. एसटी हाये."

"मेमो देतीन तुले."

"देऊ दे. मेमोवर तरी माहं नाव राहीन."

किशोर आता उठला, कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. चोवीस वर्षांच्या संसारात त्याला एक कळलं होतं, की दामिनी मोठ्याने बोलत असली तर वाद घालायला जागा असते. आत्ता ती हळू बोलत होती. "पिशवी भरून ठेव," तो म्हणाला. "रागिणीले वांगी नेजो."

रागिणी राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वर राहायची. जिन्याखाली पोरांच्या स्कूट्या इतक्या दाटीने लावलेल्या की रविवारी संध्याकाळी दामिनीला वांग्यांची पिशवी डोक्यावर घेऊन आत शिरावं लागलं.

"ये व बाई," रागिणी वरून म्हणाली. "यावेळी कोण बनून आली?"

"पुरुष."

"लग्नाचा?"

"बुधवारी साक्षगंध हाये."

रागिणी कठड्याला धरून हसली. मग पत्र पाहिलं, सगळं ऐकलं, तेव्हा हसू थांबलं तिचं. वांग्याची देठं काढता काढता म्हणाली, "सगळ्याईसमोर सांगशीन? भेव नाई लागत तुले?"

"भेव तं त्या चौदा वेळा लागायले पाह्यजे होतं. तेव्हा मी इथी येऊन भजे खाल्ले."

"आन् माहं काय? तुहं खरं निघालं तं ते तुले पाठवणं बंद करतीन. मग मी एकटी फिरू काय साड्या पाहत?"

"मग तू ये बाळापूरले."

"तथी काय हाये?"

"मी हाये ना," दामिनी म्हणाली. रागिणीने तिच्या हातावर वांग्याचं देठ फेकून मारलं.

सोमवारी दहा वाजता प्रशिक्षण केंद्राच्या सभागृहात एकतीस माणसं बसली होती. दर्यापूर, तेल्हारा, अंजनगाव, मूर्तिजापूर. ठिकठिकाणच्या कॉलेजांतले परिचर आणि सहायक. कोणी नवा शर्ट घालून, कोणी जुन्याच शर्टाला कडक इस्त्री करून. समन्वयक होत्या डॉ. गावंडे मॅडम. उंच, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि हातात हजेरीची यादी. चार वर्षांपासून ही प्रशिक्षणं त्याच बघत होत्या.

"नाव पुकारते," त्या म्हणाल्या. "उभं राहून नाव, कॉलेज सांगा. आणि तुमच्या प्रयोगशाळेतली तुम्हाला सगळ्यात आवडणारी वस्तू."

पहिला म्हणाला, सूक्ष्मदर्शक. दुसरा म्हणाला, सूक्ष्मदर्शक. तिसरा म्हणाला, पंखा, आणि सभागृह थोडं सैल झालं. दामिनी आपला नंबर मोजत होती. पुढच्या माणसाची मान घामाने चमकत होती, तिची स्वतःची कोरडी होती. याचं तिलाच नवल वाटलं.

"भटकर, एस. बी."

दामिनी उठली. "मॅडम, यादीत शेखर भटकर हायेत. ते मी नाई. ते येऊ शकले नाईत, त्यांचं बुधवारी साक्षगंध हाये. मी दामिनी किशोर उमाळे. बाळापूरकडचं कॉलेज, वनस्पतिशास्त्र परिचर, सतरा वर्षं. त्यांच्या नावावर बसून ये म्हणून मले पाठवलं. मले माह्या नावावर बसायचं हाये." मग राहिलेलं आठवलं. "आवडती वस्तू, ब्लेड."

ब्लेडला कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. गावंडे मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला.

"तुम्ही गेल्या वर्षी प्रथमोपचाराला इंगळे होतात."

"होय."

"त्याच्या आधी गव्हाळे."

"होय, मॅडम."

"मला वाटायचं, तिकडच्या बाया दिसायला एकसारख्याच असतात." मॅडम हसल्या नाहीत, म्हणून कोणीच हसलं नाही. "हा गुन्हा आहे, हे कळतं ना तुम्हाला? तुमच्या कॉलेजवर कारवाई होईल. तुमच्यावरही होईल."

"कळते. चौदा वेळा खोटी सही केली मी. लिहून मागान तं लिहून देईन. पण पंधराव्यांदा करणार नाई."

वर पंखे फिरत होते. मॅडम काही बोलणार, एवढ्यात मागच्या ओळीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दर्यापूरचा एक काळासावळा, मिशीवाला माणूस उभा होता. थोड्या वेळापूर्वी त्यानेच पंखा सांगितला होता.

"मॅडम, मीही तो नाई. मी वाकोडे म्हणून हात वर केला. माहं नाव श्याम. वाकोडे सरांचं इथी कोणी नाई, माहा मावसभाऊ राहते."

"बसा," मॅडम म्हणाल्या. पण तोवर तेल्हाऱ्याच्या मैनाबाई उठल्या होत्या. "माही लेक इथी नांदते, म्हणून मले पाठवतात जी. मी तं प्रयोगशाळेतली नाईच. मी वसतिगृहात हाये." मग एक अंजनगावचा. मग दोघं एकदम, आणि एकमेकांना 'तुमी सांगा, तुमी सांगा' करू लागले.

मॅडमनी पेन्सिलने यादीवर खुणा केल्या. अकरा झाल्या. त्या खुर्चीत बसल्या आणि यादीकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे चार वर्षं मी शिकवते तरी कोणाला?"

"आमालेच, मॅडम," मागून श्याम म्हणाला.

यावर मात्र मॅडमना हसू आवरलं नाही. हसून झाल्यावर त्या पाणी प्यायल्या, बाहेर जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलून आल्या, आणि उभ्यानेच सांगितलं. उद्या मंगळवारी दुपारी चारपर्यंत नावाच्या दुरुस्तीची लिंक उघडी राहील. प्राचार्यांच्या सहीचं पत्र आलं, तर जो समोर बसलाय त्याचं नाव लागेल. नाही आलं, तर ती जागा रिकामी झाली असं समजून त्या कॉलेजला तसं लेखी जाईल. "आणि वसतिगृहाच्या बाई," त्या मैनाबाईंना म्हणाल्या, "तुम्ही बसा तोवर. हाकलत नाही तुम्हाला. पण तुमच्या पत्राचं मला अवघड दिसतंय."

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात अकरा जण अकरा कोपऱ्यांत फोन कानाला लावून उभे होते. सगळ्यांचा आवाज हळू. दामिनीचा फोन उत्तमरावांनी उचलला.

"काय केलं हे बाई तुमी? तथून फोन आला, इथी साहेब..."

फोन ओढल्याचा आवाज आला, आणि प्राचार्य खुशालराव बोलू लागले. "दामिनीबाई, हे शोभते काय? कॉलेजची अब्रू घालवली तुमी चारचौघांत."

"अकरा कॉलेजं हायेत, साहेब. आपण पहिले."

"पहिले म्हणजे? याच्यात काय मिरवायचं हाये?"

"कबूल करण्यात पहिले."

खुशालरावांचा आवाज चढला. "मी मेमो काढणार हाये तुमच्यावर."

"काढा, साहेब. मी घेईन. पण आधी पत्राचं सांगा. नाईतं शेखरले पाठवा उद्या सकाळच्या गाडीनं. मी वर्गातून उठते, तो बसन. मुक्कामाची काळजी नोका करू, माह्या बहिणीकडे राहीन तो. दोन्ही वेळचं जेवण देईन ती. फक्त शिकणं आन् परीक्षा त्याची त्यानं द्यावी."

खुशालरावांनी फोनवर हात ठेवला असावा, पण हात नीट बसला नव्हता. दामिनीला सगळं ऐकू येत होतं. शेखरला बोलावलं गेलं. शेखर म्हणाला, बुधवारी मंडप हाये साहेब, तिकडून साठ पाहुणे येतात, मी तथी कसा जाऊ. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आन् परीक्षेत देठाचा छेद काढाले लावतात म्हणे. मी फिजिक्सचा हाये. काकूले जाऊ द्या ना, साहेब. मी पुढच्या खेपेले जाईन."

हात निघाला. "एक जागा वाया गेली असं लेखी आलं तं वर काय सांगू मी?" खुशालराव म्हणाले. हा प्रश्न तिला नव्हता. "उत्तमराव, लिहा पत्र. उमाळेच्या नावानं." आणि मग फोनमधे, "मेमो निघनच, समजलं ना?"

"समजलं," दामिनी म्हणाली.

मंगळवारी सव्वातीनला वर्गात बसल्या बसल्या तिचा फोन थरथरला. ती बाहेर आली.

"बाई, हे पोर्टल काही घेत नाई पत्र," उत्तमराव म्हणाले. त्यांचा आवाज रडकुंडीला आला होता. "तीनदा टाकलं. लाल अक्षरं येतात."

"फाईल केवढी हाये?"

"एकच पान हाये."

"पान नाई जी. खाली लिहिलं असन, किती एमबी."

"नऊ."

"मोबाईलनं फोटो मारला तुमी. असं करा. आशा मॅडमच्या टेबलाजवळ स्कॅनर हाये, त्याच्यावर पत्र पालथं ठेवा. मधे विचारते ना, कोणता प्रकार, तं पीडीएफ. आन् डीपीआय तीनशे नाई, दीडशे टाका तथी. मग दोन एमबीच्या आत येईन."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. फोनमधे उत्तमरावांची पावलं ऐकू आली, दाराची कडी, आशा मॅडमचं 'काय झालं बाबू', मग स्कॅनरची घरघर. तीन पस्तीस. तीन चाळीस. शेजारी श्याम सुपारी कातरत उभा होता, त्याचं पत्र केव्हाच आलं होतं. त्याने नुसत्या भुवयांनी विचारलं, आलं का? तिने मान हलवली.

"आता हिरवं झालं, बाई," उत्तमराव हळूच म्हणाले. "हे तुमाले कोणं शिकवलं?"

"इथीच शिकली. यू. एन. गव्हाळे होती मी तेव्हा."

उत्तमरावांनी आशा मॅडमना ऐकू जाणार नाही इतका आवाज खाली आणला.

"ते प्रमाणपत्र मी घरी फ्रेम करून लावलं," ते म्हणाले. "नातवाले दाखवतो."

"राहू द्या ना लागलेलं. एक दिवस बसू आपण दोघं, मी दाखवून देईन सगळं. चार घंट्यांचं काम हाये."

"बसू," ते म्हणाले. आणि पुढे, "तुमचं नाव नीट लिहिलं मी. तीनदा वाचून पाह्यलं."

बुधवारी हजेरीच्या यादीत छापील 'भटकर' आडवी रेघ मारून खोडलेला होता आणि वर निळ्या शाईने उमाळे लिहिलं होतं. त्या दिवशी दामिनीने पहिला प्रश्न विचारला. फॉर्मॅलिनच्या बरण्यांतले नमुने पांढरे का पडतात. मग दुसरा. मग जेवणाआधी आणखी चार. चौदा प्रशिक्षणांत तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. दुसऱ्याच्या नावावर बसलेल्या माणसाला वर्गात तोंड उघडायचा हक्क वाटत नाही, हे तिला आत्ता, बेचाळिसाव्या वर्षी कळलं. गुरुवारी गावंडे मॅडम म्हणाल्या, "उमाळे बाई, थोडे परीक्षकांसाठीही ठेवा."

मैनाबाईंचं पत्र आलं नाही. त्या बुधवारी दुपारी पिशवी घेऊन निघाल्या. जाताना दामिनीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "बरं झालं व माय. मले तं ते काचेचं सामान पाहूनच धडकी भरते. आता लेकीकडे आली तं लेकीकडेच येईन."

शुक्रवारी परीक्षा. परीक्षक अकोल्याचे होते, बोलायला तुटक, आणि हातातल्या कागदाखेरीज कुठेही न बघणारे. प्रत्येकाच्या टेबलावर सूर्यफुलाचं देठ, एक गाजर, नवं ब्लेड, पाण्याची बशी. देठाचा आडवा छेद काढायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचा. वेळ अर्धा तास.

"दामिनी किशोर उमाळे."

"हजर."

तिने गाजर उभं चिरलं, मधे देठाचा तुकडा दाबून बसवला. ब्लेड पाण्यात बुडवून ओलं केलं. मग ते स्वतःकडे ओढत, न थांबता, पातळ चकत्या काढत गेली. पंधरा, वीस, पंचवीस. जाड निघाली की बाजूला. घाई केली तर कड चेंदते, हे ती दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरींना सांगायची. आज तेच स्वतःला सांगत होती. बशीत चकत्या तरंगत होत्या, त्यातली एक इतकी पातळ की पाण्यात दिसेनाशी झालेली. तीच तिने कुंचल्याच्या टोकाने उचलली. लाल रंगाचा थेंब, दोन मिनिटं, पाण्याने धुणं, ग्लिसरीन. झाकणकाच तिरपी धरून सावकाश खाली टेकवली. आत एकही बुडबुडा नव्हता.

परीक्षकांनी भिंगाला डोळा लावला. आणि लावूनच ठेवला. गोल कडेने नळ्यांचे झुबके एकसारखे बसलेले, प्रत्येक पेशीची भिंत वेगळी दिसणारी.

"जास्त लाल झालं असतं तर?" त्यांनी डोळा न काढता विचारलं.

"आम्ल टाकलेल्या अल्कोहोलचा एक थेंब, सर. आन् लगेच धुवायचं. नाईतं सगळंच उतरून जाते."

"आणि छेदच जाड निघाला तर?"

"तं तो लपवायचा नाई. टाकून द्यायचा, दुसरा काढायचा."

परीक्षकांनी पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "पहिल्यांदाच आलात प्रशिक्षणाला?"

"या नावानं पहिल्यांदा."

त्यांना ते काही कळलं नाही. मागे उभ्या असलेल्या गावंडे मॅडम खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

मेमो निघाला, सोमवारी. दामिनीने तो दोन्ही हातांनी घेतला, मिळाल्याची सही केली, आणि त्याच टेबलावर आपला अर्ज ठेवला, प्रमाणपत्राची प्रत जोडून. तिने मेमोला उत्तर दिलं ते साडेतीन ओळींचं. झालं ते खरं आहे, पुन्हा होणार नाही, आणि पुन्हा कोणाला करायलाही सांगितलं जाऊ नये, ही विनंती. खुशालरावांनी ते वाचलं, शेवटच्या वाक्याखाली पेनाने रेघ ओढली. इंगळे सर दोन दिवस तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिसऱ्या दिवशी येऊन, 'पट्टी कशी बांधायची ते एकदा दाखवता का' म्हणाले, आणि तिने इतकी घट्ट बांधून दाखवली की त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या.

मुलाखत ऑक्टोबरात झाली. शेखरचा अर्ज प्रशिक्षण नाही म्हणून बाजूला पडला होता. अकोल्याहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी दामिनीची फाईल उलटसुलट केली.

"सतरा वर्षं नोकरी, आणि प्रमाणपत्र एकच दिसतंय?"

टेबलाच्या टोकाला उत्तमराव टिपणं घ्यायला बसले होते. त्यांची मान खाली गेली. खुशालराव पाण्याच्या पेल्याकडे बघू लागले.

"एकच हाये," दामिनी म्हणाली. "पण विचारा तुमी. त्यातलं विचारा, नाईतं त्याच्या बाहेरचं विचारा. आग कशी विझवायची, पाणी कसं तपासायचं, पुस्तकं कॉम्प्युटरवर कशी चढवायची. येत नसन ते येत नाई म्हणीन."

बाईंनी खरंच विचारलं. पाऊण तास विचारलं. दोन गोष्टी तिला आल्या नाहीत, त्या तिने येत नाही म्हणून सांगितल्या, आणि बाहेर जाण्यापूर्वी त्यांची उत्तरं बाईंकडून विचारून घेतली.

नेमणुकीचा आदेश आठवड्याभराने, एका दुपारी तिच्या हातात पडला. तिने किशोरला फोन लावला. तो अकोल्याच्या फुलबाजारात होता, मागे वजनकाट्यावरची बोलाचाली चालली होती.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"सहायक."

पलीकडे कोणीतरी झेंडूच्या भावावरून भांडत होतं. किशोर वजनकाट्यापासून बाजूला झाला. मग म्हणाला, "म्हणजे आता संध्याकाळी उशीर होईन तुले."

"होईन."

"होऊ दे. मी भात लावून ठेवीन."

"मीठ टाकजो," असं म्हणून तिने फोन ठेवला. बारा ते दोनचं प्रॅक्टिकल अर्धं होऊन गेलं होतं. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या बावीस पोरी सूक्ष्मदर्शकांवर वाकून 'काही दिसत नाई, काही दिसत नाई' करत होत्या. दामिनी आत शिरली, पहिल्या टेबलाशी गेली आणि त्या पोरीच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "दिसन. आधी आरसा उजेडाकडे कर."